ऑक्सिजन ॲनलायझर : सेल बदलण्याआधीच्या नोंदी (हंगाम २०२४-२५)

सांगली जिल्ह्यातला साखर कारखाना. बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा को-जन बॉयलर, म्हणजे वाफ आणि वीज दोन्हींसाठी, ताशी १०० टन वाफ, ८७ किलो दाब. इकॉनॉमायझरनंतरच्या (धुरावर पाणी तापवणाऱ्या भागानंतरच्या) डक्टमध्ये धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन झिर्कोनिया प्रोब आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकात मोजणारा सेल आणि तो तापवणारा हीटर. इलेक्ट्रॉनिक्सची दोन युनिटं खालच्या मजल्यावरच्या एसी पॅनल रूममध्ये, आणि तिथून ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल वर डीसीएसला (कंट्रोल रूमच्या संगणकाला).

गेला अख्खा हंगाम डीसीएसवर डावा प्रोब २ टक्के दाखवत होता आणि उजवा साडेसात. डक्ट एकच! फायरमन मंडळींनी महिनाभर वाट बघितली आणि मग दोन्ही आकडे सोडून देऊन धुराड्याचा धूर बघून हवा मारायला सुरुवात केली. धूर काळा दिसू नये म्हणून हवा थोडी जास्तच सोडली जाते, हे ओघानं आलं. कोरड्या धुराच्या हिशेबानं ऑक्सिजन ५ टक्के म्हणजे जादा हवा ३० टक्क्यांच्या आसपास. तोच ८ झाला की जादा हवा ६० च्या वर. ती सगळी हवा तापवून धुराड्यातून बाहेर सोडायची, आणि वर आयडी फॅनची (धूर ओढणाऱ्या पंख्याची) वीज.

हंगाम संपताना दोन नवीन सेलचा इंडेंट (मागणीपत्र) गेला होता. एका सेलची किंमत साठ हजारांच्या घरात. चीफ इंजिनिअर साहेबांनी त्यावर सही करण्याआधी विचारलं, "सेलच गेलाय कशावरून?" त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. म्हणून या नोंदी.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला, माणसं परत आली. दोन्ही प्रोब काढले. डाव्याच्या टोकावर राखेचा थर, हाताला ओलसर. पावसाळाभर बॉयलर थंड आणि डक्ट बंद, त्यामुळे ही ओल दरवर्षीची.

सप्लाय बंद करून ब्रेकरला टॅग लावला आणि प्रोबच्या सगळ्या वायरी टर्मिनलवरून सोडवून मगच मोजमाप केलं. युनिटचं कार्ड जोडलेलं असताना ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) फिरवला की सेलच्या आधी कार्ड जातं.

डावा : हीटर २७८ ओहम, थर्मोकपल (सेलचं तापमान मोजणारी तारांची जोडी) तुटलेलं नाही, हीटर ते बॉडी इन्सुलेशन फक्त ५ किलोओहम.
उजवा : हीटर २८३ ओहम, थर्मोकपल ठीक, इन्सुलेशन २० मेगओहमच्या वर.

२३० व्होल्टला २८० ओहम म्हणजे १९० वॉटच्या आसपास. प्लेटवरही तेवढेच लिहिले आहेत, म्हणजे दोन्ही हीटर धडधाकट. डाव्याचं इन्सुलेशन मात्र गेलेलं. २३० व्होल्टला ५ किलोओहममधून ४० मिलिअँपिअरच्या वर गळती होते आणि ईएलसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा ब्रेकर) ३० चा आहे. तो पडायलाच हवा. मग गेल्या वर्षी पडला कसा नाही? पॅनल उघडून बघितलं तर डाव्या युनिटची फेज ईएलसीबीच्या वरून, थेट एमसीबीवरून घेतलेली. 'सारखा पडतोय' म्हणून कोणीतरी केलेला इलाज. वर प्लॅटफॉर्मवर प्रोबला हात लावणारा माणूस त्या इलाजावर उभा असतो. आजच वायर परत ईएलसीबीखाली घेतली. बाकी कामं नंतर.

१६ ऑक्टोबर

हीटरभोवतीचं सिरॅमिक आणि पावडर ओल पितात. हीटर जळालेला नसतो, भिजलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर आत वाफ धरते आणि खरंच जळतो. म्हणून सिरीज बल्ब.

बल्ब जुन्या फिलामेंटचा, १०० वॉटचा लागतो. एलईडी चालत नाही. असा बल्ब आता स्टोअरमध्येही नाही आणि बाजारातही सहज मिळत नाही. शेवटी हेल्परच्या पाहुण्यांच्या पोल्ट्रीतून आणला, पिल्लांच्या शेडला ऊब द्यायला लावतात तो. बल्ब फेजच्या बाजूला लावायचा, न्यूट्रलच्या नाही. फेजला लावला की हीटरवर जेमतेम नव्वद-शंभर व्होल्ट येतात, गळती कमी राहते आणि ईएलसीबी टिकतो. न्यूट्रलला लावला तर हीटरचं एक टोक पूर्ण २३० वर राहतं आणि ईएलसीबी लगेच पडतो. हीटरला मिळतात तीसेक वॉट. हात भाजेल इतकं तापतं, त्याहून जास्त नको.

पहिल्या तासात इन्सुलेशन ५ वरून ३ किलोओहमवर उतरलं. वर्कशॉपमधल्या मंडळींनी लगेच "गेला" असा निकाल दिला. गरम झाल्यावर ओल आधी पसरते, मग निघते. आकडा खाली गेला म्हणून काम थांबवू नये. संध्याकाळी ८० किलोओहम. बल्ब रात्रभर चालू ठेवला.

१७ ऑक्टोबर

सकाळी २ मेगओहम, दुपारी २० च्या वर. बल्ब काढून थेट २३० दिले, ईएलसीबी शांत. खर्च शून्य. बल्ब परत करायचा आहे.

१९ ऑक्टोबर

दोन्ही प्रोब वर्कशॉपच्या टेबलावर, फायरब्रिकवर आडवे. युनिटंही खाली आणली आणि प्रोबच्या मूळ छोट्या केबलनं जोडली. सेल ७३६ अंशांवर यायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. त्यानंतरही तासभर थांबून मगच मोजायचं.

मोजायचे ते सेलच्या टर्मिनलवरचे मिलिव्होल्ट. डिस्प्लेवरची टक्केवारी नको, कारण तिच्यात कॅलिब्रेशनचे जुने आकडे मिसळलेले असतात. ७३६ अंशांना हिशेब सोपा आहे. सेलच्या दोन्ही बाजूंना हवा असेल तर शून्य, आणि ऑक्सिजन दहापट कमी झाला की ५० मिलिव्होल्ट वाढ. त्यावरून ८ टक्के ऑक्सिजनच्या कॅलिब्रेशन गॅसला २०.९ आणि ०.४ टक्क्यांच्या गॅसला ८६ यायला हवेत.

डावा : हवेत ०.६, ८ टक्के गॅसवर २०.४, ०.४ टक्क्यांवर ८४.९.
उजवा : हवेत ०.३, मग २०.६ आणि ८५.२.

दोन्ही सेल चांगले आहेत. सेलचा इंडेंट तूर्त थांबवायला सांगितलं. गॅसचे दोन छोटे सिलिंडर मात्र नवीन आणावे लागले. जुने रिकामे होते, म्हणजे गेल्या हंगामात गॅस लावून कॅलिब्रेशन झालंच नव्हतं, रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेलं असो.

एक गोष्ट खटकली. सेलचा आतला रोध उजव्याचा ६० ओहम, डाव्याचा १४०. दोन्ही प्रोब एकाच वर्षी बसलेले, धूर एकच, मग डावा लवकर म्हातारा कसा झाला? सेल ठरलेल्यापेक्षा जास्त तापत राहिला की असं होतं. पण तापमान तर कायम ७३६ च दिसत होतं.

२३ ऑक्टोबर

कारण केबलमध्ये सापडलं.

प्लॅटफॉर्मवर प्रोबच्या डोक्यातल्या जंक्शन बॉक्सपासून पॅनल रूमपर्यंत साधारण ४० मीटर. दोन्ही बाजूंच्या थर्मोकपल केबलचं वरचं टोक शॉर्ट करून खालून लूपचा रोध मोजला. उजवा २७ ओहम. डावा १ ओहम.

१ ओहम म्हणजे तांबं. के टाइप थर्मोकपलला त्याच मिश्रधातूंची एक्स्टेन्शन केबल लागते. तिचा रोध मीटरला अर्ध्या ओहमच्या वरच असतो. खात्रीसाठी लोहचुंबक लावला. उजव्या केबलची निगेटिव्ह कोर चुंबकाला ओढली गेली (ती अल्युमेलची, आणि अल्युमेल चुंबकाला ओढलं जातं), डावीकडे दोन्हींपैकी एकही नाही. आधीची केबल उंदरांनी खाल्ल्यावर एका ठेकेदाराच्या माणसांनी साधी कंट्रोल केबल ओढून दिलेली. फेरूल, टॅग, ग्लँड सगळं नीटनेटकं. दिसायला उजव्यापेक्षा देखणं काम.

याचा परिणाम असा. थर्मोकपल गरम आणि थंड टोकांतला फरकच सांगतं, म्हणून युनिट थंड टोकाचं (कोल्ड जंक्शनचं) तापमान स्वतःच्या टर्मिनलवर मोजतं, म्हणजे एसीतले २५ अंश. तांब्यामुळे खरं जंक्शन राहिलं वर प्रोबच्या डोक्यात, जिथं बॉयलर चालू असताना ७० अंश असतात. हा ४५ अंशांचा फरक युनिटला दिसतच नाही. ते सेल ४५ अंशांनी थंड आहे असं धरून हीटरला जास्त वीज देतं. डिस्प्लेवर ७३६, प्रत्यक्षात ७८०. सेलचं वय यातच गेलं.

आणि रीडिंग? ७८० अंशांना सेल जास्त मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे खरे ५ टक्के ४.७ दिसतात. म्हणजे चूक फक्त ०.३ ची. डीसीएसवरच्या २ टक्क्यांचा खुलासा यातून होत नाही.

२५ ऑक्टोबर

त्याचाही झाला. गेल्या वर्षीच्या लूप चेकचा कागद काढला. ४, १२, २० मिलिअँपिअर दिले, डीसीएसवर ०, ५, १० आले, सही, शिक्का. कागद अगदी बरोबर आहे. आज मी तेच केलं, पण मिलिअँपिअर कॅलिब्रेटरवरून दिले नाहीत. युनिटच्या मेनूतून '५ टक्के' असं सिम्युलेट केलं. उजव्याला डीसीएसवर ५.० आलं. डाव्याला २.०.

डाव्या युनिटचं कार्ड गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच बदललं होतं. नवीन कार्ड कंपनीच्या सेटिंगवर आलं, आउटपुट ० ते २५ टक्के. डीसीएस मात्र ० ते १० धरून बसलेलं. वरचे ४.७ टक्के इथं टाकून बघा : २५ पैकी ४.७ म्हणजे ७ मिलिअँपिअर, आणि डीसीएस त्याचे १.९ करतं. तोच तो हंगामभरचा २ टक्क्यांचा आकडा.

खालच्या युनिटच्या डिस्प्लेवर तेव्हाही ४.७ च असणार. पण त्या पॅनलचं दार उघडून डीसीएसशी ताडून बघायला कोण जातंय.

रेंज ० ते १० केली. पाच मिनिटांचं काम.

३० ऑक्टोबर

के टाइप एक्स्टेन्शन केबल, शील्ड असलेली, ४५ मीटर. साधारण सव्वाशे रुपये मीटर. ऑर्डर गेली, पण पुण्याचा पुरवठादार म्हणतो दिवाळी झाल्यावर. थांबण्याशिवाय इलाज नाही.

७ नोव्हेंबर

केबल आली, ओढली. जुना ट्रे आयडी फॅनच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलचाच होता. तो सोडून वेगळ्या कंड्युटमधून नेली. शील्डची अर्थिंग फक्त पॅनलच्या बाजूला.

जोडताना एक भानगड झाली, ती सविस्तर लिहितो, कारण ही कुठंही होऊ शकते. प्रोबच्या वायरी पिवळी-लाल आहेत, म्हणजे अमेरिकन पद्धत, आणि तिच्यात लाल ही निगेटिव्ह. नवीन केबल हिरवी-पांढरी, आयईसी पद्धत, हिरवी पॉझिटिव्ह. वर इलेक्ट्रिशियननं सवयीप्रमाणे लाल पॉझिटिव्ह धरून हिरव्याला जोडली. खाली हीटर चालू केल्यावर तापमान वाढण्याऐवजी उतरायला लागलं. तेव्हा खालच्या माणसानं 'उलटं झालंय' म्हणून पॅनलवरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. तापमान झकास चढलं आणि ७३६ वर थांबलं. सगळे खूश.

दोन ठिकाणी उलटं केलं म्हणून सुलट होत नाही. मधली ४० मीटर केबल अजून उलटीच आहे. तांब्यात फरकाची चूक एकपट होती, इथं ती दुप्पट होते : बॉयलर चालू झाल्यावर ९० अंश. आज मात्र बॉयलर थंड. वर ३२ अंश, खाली २५, म्हणून चूक १४ अंशांचीच आणि ती दिसत नाही. हे सापडलं ते वर प्रोबच्या डोक्यात मिलिव्होल्ट मोजताना. ७३६ अंशांना वरचे ३२ वजा जाता २९.३ यायला हवे होते, जवळपास ३० आले. मग रंग बघितले. आता जंक्शन बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करनं लिहून ठेवलंय : लाल म्हणजे मायनस.

११ नोव्हेंबर

बॉयलर अग्निप्रदीपन. पूजा नऊला होती, दोन्ही प्रोब आदल्या रात्रीपासून गरम ठेवले. आग पेटल्यावर थंड प्रोबवर ओलावा धरतो आणि तो सेलला लागतो, म्हणून हीटर आधी, आग नंतर. पेटवण्याआधी डक्टमध्ये नुसती हवाच असते. युनिटच्या डिस्प्लेवर डावा २०.८, उजवा २०.९. फुकटात हवेची तपासणी झाली.

१७ नोव्हेंबर

१५ तारखेपासून गाळप सुरू. लोड स्थिर झाल्यावर डावा ४.६. उजवा ७.४.

"सेल लागणारच," असं स्टोअरमधून ऐकू आलं. उजव्याच्या टर्मिनलवर २२.६ मिलिव्होल्ट, म्हणजे बरोबर ७.४ टक्के. केबल, कार्ड, डीसीएस सगळं खरं बोलतंय. सेलला खरंच ७.४ टक्के ऑक्सिजन लागतोय, तो कुठून येतोय एवढंच शोधायचं. त्या जागी ड्राफ्ट (डक्टमधला दाब) उणे ६० मिलिमीटर पाणी आहे. कुठंही फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते.

परमिट घेतलं, फेस शील्ड, लांब हातमोजे, आणि हातात उदबत्ती. फ्लँजभोवती फिरवली, खालच्या बाजूला धूर किंचित आत वळला. कॅलिब्रेशन गॅसच्या नळीपाशी नेली तर धूर सरळ आत. नळीचं टोपण नव्हतं आणि आतला चेक व्हॉल्व्ह राखेनं उघडाच अडकलेला. ही नळी गॅस थेट सेलपाशी नेते, तशी बाहेरची हवाही थेट सेलपाशीच जाणार. टेबलावर हा दोष दिसला नाही, कारण तिथं ड्राफ्टच नव्हता.

नळीला टोपण लावलं. मिनिटाभरात ७.४ वरून ५.५. फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं थोडे थोडे आवळले, ५.० वर आलं. उरलेल्यासाठी ग्राफाइट गॅस्केट लागेल, ते बॉयलर थांबेल तेव्हा. टोपणाची किंमत विचारू नका.

२० नोव्हेंबर

मतदान. माणसं कमी, काही केलं नाही.

२४ नोव्हेंबर

पहाटे डाव्याचा अलार्म : सेल तापमान ८५०, मग ओव्हर-टेम्परेचर रिलेनं हीटर कापला. शिफ्टमधल्या पोरानं रीसेट मारण्याआधी फोन केला, फार बरं झालं. रीसेट मारत राहिला असता तर सेल खरंच गेला असता.

ट्रायॅकची (हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) गेट वायर काढली, तरी हीटरवर पूर्ण २३० व्होल्ट. ट्रायॅक शॉर्ट. हीटरच्या टर्मिनलचा एक स्क्रू ढिला होता, खाली काळा डाग. ठिणग्या पडत असणार, त्यातच ट्रायॅक गेला असावा. नवीन कार्ड मागवायचं तर हजारोंचा खर्च आणि आठवडे. ट्रायॅक शंभर रुपयांच्या आत मिळतो.

स्टोअरनं दिला तो बीटीबी १६. मूळचा बीटीए १६. अँपिअर सारखे, पाय सारखे, पण बीटीएची पाठ इन्सुलेटेड असते आणि बीटीबीची पाठ थेट एका पायाला जोडलेली. आमची हीटसिंक अर्थला आहे. बीटीबी तसाच बसवला असता तर चालू करताच फेज अर्थला. मिरजेहून बीटीए आणला, हीटसिंक पेस्ट लावली, हीटरचे स्क्रू नवीन लग घालून आवळले. दुपारी सेल ७३६ वर. गॅस लावला : ८ टक्क्यांना २०.१. थोडा उतरलाय, पण चालेल. त्याचा रोध आता १५५ ओहम.

२ डिसेंबर

नवीन तक्रार. ऊर्जा तपासणीला आलेल्या पथकाच्या हातातल्या ॲनलायझरवर ६.१ टक्के, आमचा डावा ४.६. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इथं बिघाड नाही. त्यांचं यंत्र धूर थंड करून, पाणी काढून मग मोजतं. आमचा प्रोब गरम धुरातच, पाण्याच्या वाफेसकट मोजतो. बगॅसमध्ये निम्मं पाणी, त्यात हायड्रोजन जळून आणखी तयार होतं, त्यामुळे आमच्या धुरात चौथा हिस्सा वाफच असते. ४.६ ला ०.७५ नं भागा : ६.१. कोळशाच्या बॉयलरवर हा फरक कमी असतो, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला आमचा प्रोब चुकतोय असं वाटतं. भागाकार साहेबांसमोर कागदावर करून दाखवला. आता डीसीएसच्या स्क्रीनवर आकड्याखाली 'ओल्या धुरावर' असं लिहून घेतलंय, नाहीतर कोणीतरी कॅलिब्रेशनच्या नावाखाली ४.६ चा ६.१ करून ठेवेल.

९ डिसेंबर

डावा ४.५, उजवा ४.९. फायरमन आता स्क्रीन बघून एफडी डॅम्पर (हवा आत देणाऱ्या पंख्याची झडप) हलवतात. रात्रपाळीचे मामा अजूनही एकदा बाहेर जाऊन धूर बघून येतात, आणि त्यांना ते करू द्यावं.

आतापर्यंतचा खर्च : केबल, ट्रायॅक, लग, गॅसचे दोन सिलिंडर. सिलिंडरच सगळ्यात महाग पडले. सगळं मिळून एका सेलच्या निम्म्याच्याही आत.

शिल्लक कामं. उजव्याला गॅस बंद केल्यावर परत धुराच्या आकड्यावर यायला चार मिनिटं लागतात, डाव्याला एक. टोकाचा फिल्टर राखेनं भरत आलाय. पुढच्या क्लीनिंगला बॉयलर थांबेल तेव्हा प्रोब काढून फिल्टर, गॅस्केट आणि चेक व्हॉल्व्ह एकदमच बदलायचे. फिल्टर बाहेरून हवा मारून साफ करू नका, राख आत सेलवर जाते. डाव्यासाठी एक सेल स्टोअरला ठेवायचा इंडेंट आज नव्यानं टाकला, त्यावर रोधाचे दोन्ही आकडे तारखांसह लिहून दिले. साहेबांनी लगेच सही केली. ईएलसीबीची दर महिन्याची टेस्ट बटण तपासणी इलेक्ट्रिकल विभागाच्या रजिस्टरमध्ये घालायला सांगितलंय, अजून घातलेली नाही.